विद्यार्थ्याचें ताट

शाळांचे इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहेत. एखाद्या संस्थेचा सुवर्णमहोत्सव किंवा शतसांवत्सरिक उत्सव आला कीं स्मरणिका निघते. तींत संस्थापकांचीं चरित्रें असतात, कोनशिलेचें छायाचित्र असतें, गुणवंतांची यादी असते आणि देणगीदारांची त्याहून लांब यादी असते. परंतु त्या शाळेंत शिकणारा परगांवचा मुलगा रात्रीं निजत कोठें होता, दुपारीं जेवत कोणाकडे होता, आणि त्याचा धडा झाला कीं नाहीं हें सायंकाळीं त्याला कोण विचारीत होतें, याचा उल्लेख अशा स्मरणिकेंत बहुधा सांपडत नाहीं. आम्हीं गेलीं तीस वर्षें अध्यापनांत घालविलीं आहेत, आणि तेवढ्या अनुभवावरून आमचें असें मत झालें आहे कीं मुलाला शिकविणें हें शाळेचें काम असलें तरी त्याला शाळेंत टिकविणें हें बहुतांशीं शाळेबाहेरच्या माणसांचें काम असतें. त्या माणसांचा इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय लहान आहे असें प्रथमदर्शनीं वाटेल. इंग्रजी विद्येच्या प्रसाराविषयीं लिहितांना आपण सरकारी खलित्यांकडे वळतों, मिशनांचे अहवाल चाळतों, १८५७ सालीं स्थापन झालेल्या मुंबई विश्वविद्यालयाकडे बोट दाखवितों. पण हायस्कूल असे जिल्ह्याच्या गांवीं, कॉलेज असे मुंबई-पुण्यास, आणि शिकणारीं मुलें असत कोंकणांतल्या वाड्यांत नाहीं तर घाटावरच्या खेड्यांत. या दोहोंमधील अंतर कोणत्याहि खलित्यानें भरून काढलें नाहीं. तें भरून काढलें गांवानें, आळीनें, जातीनें आणि घरानें. आणि ज्या मुलाच्या पाठीशीं यांपैकीं कोणीच नव्हतें त्याच्या बाबतींत तें तसेंच राहिलें.

यांतली सर्वांत जुनी व्यवस्था म्हणजे वार. ‘वार लावून जेवणें’ हा प्रयोग आतां तरुण मुलांना समजावून सांगावा लागतो. गरीब ब्राह्मणाचा मुलगा शिकण्यासाठीं परगांवीं आला कीं ओळखीचे एखादे भटजी किंवा मास्तर त्याला बरोबर घेऊन सात घरीं हिंडत, आणि प्रत्येक घर आठवड्याचा एक दिवस पत्करी. सोमवारीं वकिलांकडे, मंगळवारीं उपाध्यायांकडे, बुधवारीं सावकारांकडे, अशी त्याची सप्ताहाची वाटणी होई. सातहि वार लागले तर तो भाग्यवान. एखादा वार मोकळा राहिला तर त्या दिवशीं फुटाण्यांवर भागवावें लागे. निजण्यास देवळाची ओवरी किंवा कोणाची माडी मिळे, आणि तिच्या मोबदल्यांत पाणी भरणें, पूजेचीं फुलें आणणें, घरच्या लहान मुलांना परवचा म्हणावयास लावणें अशीं कामें करावीं लागत. ज्यांना वारहि मिळत नसत ते माधुकरी मागत. सोंवळें नेसून, झोळी घेऊन पांच घरीं उभें राहावयाचें आणि प्रत्येक घरून मिळालेला शिजलेल्या अन्नाचा घांस एकत्र करून त्यावर दिवस काढावयाचा, असा तो क्रम होता.

या चालीचें मूळ ब्रह्मचाऱ्याच्या भिक्षेंत आहे हें उघड आहे. शिकणाऱ्यानें मागावें व गृहस्थानें वाढावें, यांत मागणाऱ्यास कमीपणा नाहीं आणि वाढणाऱ्यास उपकाराची प्रौढी नाहीं, असा शास्त्राचा संकेत होता. पेशवाईंत विद्वानांना श्रावणांत दक्षिणा वाटली जाई. राज्य गेल्यावर त्या दक्षिणेच्या पैशांतील कांहीं भाग इंग्रजांनीं विद्येकडे वळविला, आणि १८२१ सालीं पुण्यास विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. परंतु राजाची दक्षिणा ही विद्वानाला मिळे. विद्यार्थ्याचें पोट गृहस्थाच्याच घरीं भरे. पुढें जसजशीं इंग्रजी हायस्कुलें निघूं लागलीं तसतसे हे वार कमी न होतां वाढलेच, कारण घर सोडून शिकावयास जाण्याची गरजच नव्या शिक्षणानें वाढविली. नवी विद्या जुन्या भिक्षेवर जगली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आमचे आजोबा या व्यवस्थेंत वाढले. दक्षिण महाराष्ट्रांतील एका तालुक्याच्या गांवीं १९१७ च्या सुमारास ते इंग्रजी शाळेंत दाखल झाले. त्यांचें खेडें तेथून नऊ कोसांवर होतें. त्यांना सात घरें मिळालीं होतीं, आणि तीं सातहि घरें त्यांना म्हातारपणीं क्रमानें आठवत. शनिवारच्या घरच्या काकू स्वतः निरक्षर होत्या, पण वाढतांना “आज काय शिकलास?” हें विचारल्यावांचून त्या दुसरा भात वाढीत नसत. एकदां त्यांनीं भूमितीचा सिद्धांत निवडावयास घेतलेल्या तांदळांत बोटानें काढून दाखवावयास लावला, आणि “दोन बाजू सारख्या कशावरून?” असें विचारून आजोबांची चांगलीच त्रेधा उडविली. तो सिद्धांत आपणांस शाळेंत समजला नाहीं, तो शनिवारीं समजला, असें आजोबा सांगत. उलट बुधवारच्या घरीं विहिरीचें पाणी ओढून झाल्यावर, घरांतल्या सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर, पडवींत पान मांडलें जाई, आणि कोणी एक शब्द बोलत नसे. आमच्या घरांत अजूनहि मन मारून घ्याव्या लागणाऱ्या उपकाराला ‘बुधवारचें घर’ म्हणतात.

या दोन घरांतील भेद आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. दोन्ही घरांनीं अन्न दिलें. अन्नाच्या हिशेबानें पाहिलें तर सावकाराचें ताट कदाचित् अधिक भरलेलें असेल. पण एका घरीं अन्नाबरोबर विचारपूस होती आणि दुसऱ्या घरीं नव्हती. विद्यार्थ्याला आधार देणारी जी जी व्यवस्था आपल्या समाजानें पुढें निर्माण केली तिला हीच कसोटी लावून पाहावी असें आम्हांला वाटतें: तिनें ताट वाढलें काय, आणि वाढतांना विचारलें काय.

परंतु आजोबांच्या आठवणींत आणखी एक मुलगा होता. त्यांच्याच वर्गांत जवळच्या वाडीवरून एक कुणब्याचा मुलगा येई. तो पहाटे निघे, भाकरी फडक्यांत बांधून आणी आणि ओढ्यावर बसून खाई. पावसाळ्यांत ओढा भरला कीं त्याचे दिवस बुडत. गणितांत तो वर्गांत पहिला असे. दुसऱ्या पावसाळ्यांत तो आला नाहीं तो आलाच नाहीं. त्याच्यासाठीं सात वार कोणी शोधले नाहींत, कारण वार हे ब्राह्मणाच्या मुलाला ब्राह्मणाच्या घरीं मिळत. इतरांनीं मागावे अशी पद्धत नव्हती, आणि मागितले असते तर ते मिळाले नसते. अस्पृश्य मानलेल्या मुलांचा तर प्रश्न पंगतीपर्यंत येतच नव्हता. तो शाळेच्या दारांतच अडत होता. “त्याचें पुढें काय झालें?” असें आम्हीं एकदां आजोबांना विचारलें. त्यांना तें ठाऊक नव्हतें. आमच्या कुटुंबांत वारांची गोष्ट आजवर गरिबीवर मात केल्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण तीच गोष्ट ओढ्यावरून पाहिली तर निराळी दिसते, हें आम्हांला फार उशिरां उमगलें.

जोतीराव फुले यांना तें फार पूर्वीं दिसलें होतें. १८४८ सालीं पुण्यास भिडे यांच्या वाड्यांत त्यांनीं मुलींची शाळा काढली तेव्हां दार उघडण्याचा प्रश्न होता. १८८२ सालीं हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढें त्यांनीं जें निवेदन केलें त्यांत प्रश्न पुढें गेला होता. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमांतून येतो, आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गाला होतो, हें त्यांनीं स्पष्ट मांडलें आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. दार उघडून भागत नाहीं. ज्याच्या घरीं मुलाच्या हातांची शेतावर गरज आहे त्याच्या बाबतींत शाळा फुकट असली तरी ती महागच पडते, हें त्या मागणीच्या मुळाशीं होतें.

वार हा घराघरांचा प्रयत्न होता. सबंध गांवानें एक होऊन केलेल्या प्रयत्नाचें उदाहरण कोंकणांत मुरूडास सांपडतें. धोंडो केशव कर्वे यांचें बालपण या गांवीं गेलें. तेथील शाळेंत सोमण गुरुजी होते, आणि मुलांवर त्यांचें लक्ष शाळा सुटल्यावरहि असे. त्यांच्याच प्रेरणेनें धोंडो हा दुर्गादेवीच्या देवळांत गांवकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. १८७५ सालीं सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठीं तो मित्रांबरोबर कुंभार्लीच्या घाटानें पायीं साताऱ्यास गेला. शंभरएक मैलांची ती वाट तुडवून परीक्षकांपुढें उभें राहिल्यावर, तूं वयानें लहान दिसतोस, असें सांगून त्याला परत पाठविण्यांत आलें. पुढल्या वर्षीं तो कोल्हापुरास जाऊन ती परीक्षा उतरला.

ही गोष्ट चिकाटीचा धडा म्हणून मुलांना सांगितली जाते. आम्हांला तींत दुसरेंहि कांहीं दिसतें. ज्या गांवांत शिक्षणाची सोय नाहीं त्या गांवच्या मुलाला एका परीक्षेसाठीं किती चालावें लागतें, हें कर्वे विसरले नाहींत. पुढें मुंबईस पोट भरूं लागल्यावर त्यांनीं व त्यांच्या गांवकरी मित्रांनीं ‘मुरूड फंड’ काढला. गांवाबाहेर मिळवित्या झालेल्या माणसांनीं आपल्या मिळकतीचा अंश गांवच्या कामासाठीं द्यावा अशी ती योजना होती, आणि तिच्यांतून गांवच्या इंग्रजी शाळेला साहाय्य झालें. मुलानें घर सोडून शाळेकडे जावें याऐवजीं शाळाच त्याच्या घराजवळ आणावी, हा विचार येथें प्रथम स्पष्ट दिसतो. तो कर्व्यांच्या मनांतून कधींच गेला नाहीं. १९३६ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, त्यांनीं खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं मंडळ काढलें आणि त्यासाठीं ते वर्गणी मागत हिंडले.

घर आणि गांव यांच्यानंतर जात पुढें आली. आज हा शब्द उच्चारतांच आपण सावध होतों, आणि तें योग्यच आहे. पण इतिहास लिहितांना सावधपणाबरोबर न्यायहि हवा. गंगारामभाऊ म्हस्के यांनीं चालविलेल्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनच्या मदतीवर विठ्ठल रामजी शिंदे यांचें फर्ग्युसन कॉलेजांतील शिक्षण सुरू झालें. तेंच शिंदे १९०६ सालीं अस्पृश्योद्धारासाठीं डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढते झाले. कोल्हापुरांत तर जातवार वसतिगृहांची मालिकाच उभी राहिली. शाहू महाराजांनीं प्रथम सर्व जातींसाठीं एक वसतिगृह काढून पाहिलें होतें. पण व्यवहारांत तें एकाच जातीच्या मुलांचें होऊन बसलें, कारण त्या वेळीं शाळेंत मुलें तींच होतीं आणि पंगतीचे नियमहि त्यांचेच. तेव्हां महाराजांनीं दुसरा मार्ग धरला. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें आणि त्याच वर्षीं जैन बोर्डिंग निघालें. १९०६ मध्यें मुसलमान विद्यार्थ्यांसाठीं, १९०७ मध्यें लिंगायतांसाठीं आणि १९०८ मध्यें अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग स्थापन झालें. पुढें इतर समाजांनीं त्यांचें अनुकरण केलें. कोल्हापुरांतील दसरा चौकाच्या आसपास आजहि या वसतिगृहांच्या इमारती पाहावयास मिळतात.

या बोर्डिंगांनीं जातीच्या भिंती पक्क्या केल्या असा आक्षेप घेतला जातो. त्यांत तथ्य आहे. एका जातीच्या मुलानें दुसऱ्या जातीच्या मुलाबरोबर जेवूं नये हा नियम या भिंतींच्या आंत चालूच राहिला. परंतु दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या लागतात. एक तर येथें राहणारा मुलगा कोणाच्या पडवींत बसत नव्हता. जागा संस्थानची, वर्गणी समाजाची, आणि ताट हक्काचें. बुधवारच्या घराची बोंच येथें नव्हती. आणि दुसरें असें कीं या भिंती मोडणारा मनुष्यहि याच वसतिगृहांतून बाहेर पडला.

तो मनुष्य म्हणजे भाऊराव पाटील. यांचा जन्म १८८७ सालीं कुंभोज येथें झाला. कोल्हापुरास शिकतांना ते जैन बोर्डिंगमध्यें राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास जाऊन आल्यावर त्यांनीं स्नान करून शुद्ध होण्याचें नाकारलें, आणि त्यामुळें त्यांना बोर्डिंग सोडावें लागलें, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. ज्या मुलाचें ताट एका नियमानें काढून घेतलें गेलें त्यानें पुढें नियमच बदलला. १९१९ सालीं कऱ्हाडजवळ कालें या गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ सालीं तिचें मुख्य ठाणें साताऱ्यास आलें आणि तेथें सर्व जातींच्या मुलांचें एकच वसतिगृह सुरू झालें. १९२७ सालीं महात्मा गांधी साताऱ्यास आले तेव्हां त्याला छत्रपति शाहू बोर्डिंग हाउस असें नांव देण्यांत आलें. धनिणीच्या बागेंतील या वसतिगृहांत मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशीं सर्व मुलें एका चुलीवर शिजलेलें अन्न एका पंगतींत बसून खात. पाणी भरणें, दळणें, स्वयंपाक, शेतकाम हीं कामें मुलेंच करीत.

भाऊरावांनीं वारांची जुनी कल्पना टाकून दिली नाहीं. तिचें रूप पालटलें. एका विद्यार्थ्यानें सात घरें शोधण्याऐवजीं त्यांनीं शेंकडों घरांकडे मूठभर धान्य मागितलें. मूठभर जोंधळा देणाऱ्या बाईला तो कोणत्या मुलाच्या पोटांत जाणार हें माहीत नसे, आणि मुलालाहि तो कोणाच्या घरचा हें माहीत नसे. त्यामुळें उपकार राहिला पण मिंधेपणा गेला. आणि घेणाऱ्यानें केवळ घ्यावयाचें नाहीं, श्रमानें त्याची फेड करावयाची, हा दुसरा नियम त्यांनीं त्याला जोडला. १९४७ सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज निघालें तेव्हां ‘कमवा आणि शिका’ हा नियम कॉलेजच्या शिक्षणालाहि लागू झाला. १९५९ सालीं भाऊराव वारले तेव्हां खेड्यापाड्यांतील शाळांचें मोठें जाळें मागें राहिलें होतें.

परंतु त्या वसतिगृहांत विचारपूस कोण करी? तेथें त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या. मुलें त्यांना वहिनी म्हणत. घरचें सोंवळें सोडून त्यांनीं या मुलांना आपलेसें केलें. भाऊराव वर्गणीसाठीं बाहेरगांवीं असतांना कोठींत धान्य उरलें नाहीं, तेव्हां लक्ष्मीबाईंनीं आपलें मंगळसूत्र काढून दिलें, ही हकीकत सर्वश्रुत आहे. अंगावरचे बाकीचे दागिने त्यापूर्वींच गेले होते. १९३० सालीं त्या निवर्तल्या. संस्थेच्या वटवृक्षाखालीं हजारों मुलें आलीं तीं पाहावयास त्या राहिल्या नाहींत.

येथें आणखी एका दागिन्याची आठवण होते. सुभेदार रामजी सकपाळ हे आपल्या मुलाला घेऊन मुंबईस परळच्या चाळींत राहत होते. सगळें कुटुंब एका खोलींत; तींतच चूल, तींतच भांडीं, तींतच निजणें. मुलाला अभ्यासास शांतता मिळावी म्हणून वडील त्याला संध्याकाळीं लौकर निजवीत, स्वतः रात्रीं दोन वाजेपर्यंत जागत आणि मग त्याला उठवून आपण आडवे होत. पुस्तकांसाठीं हातीं पैसा नसला म्हणजे ते लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना मागून आणीत, गहाण ठेवीत, आणि पेन्शन हातीं आलें कीं सोडवून परत करीत. शाळेंत ज्या मुलाला गोणपाटावर वेगळें बसावें लागलें होतें, आणि शिपाई हजर नसला तर पाण्यावांचून राहावें लागलें होतें, त्या भीमराव आंबेडकरांनीं १९०७ सालीं मॅट्रिकची परीक्षा दिली. पुढें बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ति मिळाली, आणि १९१३ सालीं ते अमेरिकेस गेले, हें सर्वांस ठाऊक आहे. पण शिष्यवृत्ति आली ती परीक्षेनंतर. परीक्षेपर्यंत त्यांना आणून पोंचविलें तें बापाच्या जागरणानें आणि बहिणींच्या दागिन्यांनीं. स्वतः आंबेडकरांना याचें विस्मरण झालें नाहीं. बहिष्कृत हितकारिणी सभेनें हातीं घेतलेल्या पहिल्या कामांपैकीं एक म्हणजे १९२५ सालीं सोलापुरास काढलेलें विद्यार्थी वसतिगृह होय.

हे दोन प्रसंग शेजारीं ठेवले म्हणजे एक गोष्ट मनाला टोंचल्याशिवाय राहत नाहीं. शनिवारच्या काकू, लक्ष्मीवहिनी, रामजींच्या मुली: मुलग्यांच्या शिक्षणाला आधार देणाऱ्या या सर्व बायका, आणि यांपैकीं एकीलाहि तसा आधार कोणी दिला नाहीं. दुसऱ्याच्या मुलाला “आज काय शिकलास?” असें विचारणाऱ्या काकूंना तो प्रश्न विचारणारें या जगांत कोणी नव्हतें. मुलींना वार नव्हते, माधुकरी नव्हती, बोर्डिंग नव्हतें. म्हणूनच कर्व्यांनीं १८९६ सालीं पुण्यास विधवांसाठीं आश्रम काढला आणि १९०० सालीं तो हिंगण्यास नेला, ही गोष्ट केवळ विधवांच्या इतिहासांतली नव्हे, ती विद्यार्थ्यांच्या इतिहासांतलीहि आहे. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले या विशींत विधवा झालेल्या, तोंपर्यंत अक्षरशत्रु. त्या आश्रमांत शिकल्या, आश्रमासाठीं गांवोगांव वर्गणी मागत हिंडल्या आणि १९१८ सालीं इंग्रजी शिकण्यासाठीं अमेरिकेपर्यंत गेल्या. ज्या घरांत आश्रय मिळाला त्याच घरासाठीं झोळी धरण्याचा हा प्रकार माधुकरीच्या जातीचाच आहे. फरक इतकाच कीं येथें मागणारी बाई आपल्यापुरतें मागत नव्हती.

येथवर आलेल्या सर्व व्यवस्थांत मूल घरून निघून शाळेकडे जातें, आणि समाज त्याला वाटेंत हात देतो. हा क्रम उलटा करून पाहण्याचें धैर्य ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं दाखविलें. १९४५ सालीं ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें त्यांनीं ग्रामीण बालशिक्षणाचें केंद्र सुरू केलें. बालवाडी चांगली होती, पण पाड्यांवरचीं मुलें तींत येईनात. मग त्यांनीं बालवाडीच पाड्यावर, घरांच्या अंगणांत नेली, हीच अंगणवाडी. पुढें कोसबाडच्या टेंकडीवर वारली मुलांमध्यें काम करतांना असें दिसलें कीं मोठीं मुलें गुरांमागें जातात, म्हणून शाळेंत येत नाहींत. त्यांना रागें भरण्याऐवजीं शिक्षकच कुरणांत गेले. गुरें चरत आणि मुलें शिकत. ही कुरणशाळा आम्हांला आपल्या शिक्षणाच्या इतिहासांतील एक अत्यंत शहाणपणाची गोष्ट वाटते, कारण तिनें मुलाच्या घरची अडचण हा मुलाचा गुन्हा मानला नाहीं. १९७५ सालीं सरकारनें बालविकासाची देशव्यापी योजना सुरू केली तेव्हां अंगणवाडी हा शब्द तिच्याबरोबर सर्व हिंदुस्थानभर गेला.

आतां ताटापुरतें बोलावयाचें तर काळ बदलला आहे. १९९५ सालीं शाळांतून माध्यान्ह आहाराची योजना सुरू झाली, आणि २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें शिजलेलें अन्न देणें बंधनकारक झालें. जें ताट एके काळीं सात घरीं हिंडून मिळवावें लागे तें आतां शाळेंतच मांडलें जातें, आणि त्या पंगतींत जात विचारली जात नाहीं. आमच्या आजोबांच्या वर्गमित्राला असें ताट मिळालें असतें तर तो ओढ्यापलीकडे राहिला नसता. हा लाभ लहान नव्हे, आणि त्याची थट्टा करणाऱ्या सुशिक्षितांनीं आपापल्या घरांतील दोन पिढ्यांमागील हकीकत एकदां विचारून पाहावी.

तरीहि दोन ठिकाणीं आम्हांला काळजी वाटते. पहिलें ठिकाण खेड्यांतील लहान शाळा. पट फार कमी म्हणून अशा शाळा बंद करून मुलांना शेजारच्या गांवच्या शाळेंत सामावून घ्यावें, असा निर्णय महाराष्ट्रांत २०१७ सालीं झाला, आणि त्या दिशेच्या योजना त्यानंतरहि निघाल्या आहेत. खर्चाचा हिशेब त्यांच्या बाजूनें असेल. पण आठ मुलांच्या शाळेंतील मास्तराला आठहि घरें माहीत असतात. कोणाचा बाप ऊसतोडीला गेला आहे, कोणाची आई आजारी आहे, हें त्याला विचारावें लागत नाहीं. ही ओळख हिशेबाच्या कोणत्या रकान्यांत मांडतात हें आम्हांला समजलेलें नाहीं. शाळा तीन मैल दूर गेली कीं वाटेंत पुनः ओढा येतो.

दुसरें ठिकाण आमच्याच डोळ्यांपुढचें आहे. खेड्यांतून शहरांत शिकावयास आलेला मुलगा आज कोणाच्या ओवरींत राहत नाहीं. तो एका खोलींत चार खाटांपैकीं एक भाड्यानें घेतो आणि खाणावळीचा डबा लावतो. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक हुशार मुलगा रोज शेवटच्या तासाला पेंगत असे. आम्हीं त्याला दोन वेळां सर्वांदेखत बोललों. पुढें कळलें कीं तो आणि त्याचा सोबती मिळून एकच डबा घेत होते, आणि तो डबा सकाळीं एकानें व रात्रीं दुसऱ्यानें खावयाचा असा त्यांचा करार होता. वर्षभर आम्हीं त्याला पानिपताच्या मोहिमेंत शिधा कसा संपला हें शिकवीत होतों! त्याला एक शब्द विचारला असता तर हें समजलें असतें. आम्हीं विचारला नाहीं. त्या दिवशीं घरीं आल्यावर बुधवारचें घर म्हणजे काय याचा अर्थ आम्हांला नव्यानें लागला. त्या घरांत आम्हीच बसलेलों होतों.

अशा मुलांसाठीं संस्था आहेत. पुण्यास १९०९ सालीं निघालेलें अनाथ विद्यार्थी गृह, १९५५ सालीं अच्युतराव आपटे यांनीं स्थापन केलेली विद्यार्थी सहायक समिति, यांनीं किती मुलांना हात दिला हें त्या मुलांनाच विचारावें. पण संस्था कितीहि असल्या तरी त्या सर्वांना पुरत नाहींत, आणि आमच्यासारख्या मध्यमवर्गीय घरांची जबाबदारी त्यांच्यावर ढकलून मोकळें होतां येत नाहीं. जुने वार पुनः सुरू करा, असें आम्ही म्हणत नाहीं. तें शक्य नाहीं, आणि जसे होते तसे ते परत येऊंहि नयेत. परंतु आठवड्याचा एक दिवस, आपल्या गांवच्या किंवा आळींतल्या एका परक्या मुलासाठीं वा मुलीसाठीं, जात न पुसतां, घराचें दार उघडें ठेवावें. बसावयास जागा, दिवा आणि चार घांस द्यावे, आणि आज काय शिकलास हें मनापासून विचारावें, एवढें बहुतेकांना करतां येईल. आम्हीं गेल्या आषाढापासून हें सुरू केलें आहे. येणाऱ्या मुलीला गणित अवघड जातें आणि तें आम्हांलाहि येत नाहीं. पण ती समजावून सांगते, आम्ही विचारीत बसतों, आणि तिचें गणित सुटतें. योगायोग असा कीं आमच्याकडे तिचा वार शनिवारचाच आहे.